गादीवर माती नसते

"हात धू," कोरगावकर साहेब म्हणाले.

केरबा नळापाशी मूठ आवळून उभा होता. मुठीत आमच्या तालमीतली लाल माती. निघताना त्यानं ती फडक्यात बांधून कमरेला लावली होती, ती इतक्या लांब परदेशात आली. विमानतळावरच्या अंमलदारानं पुरचुंडी सोडून हुंगली. आता तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मुरलेलं, त्या बिचाऱ्याला काय कळणार! त्यानं शेजारच्याला हुंगायला दिली, शेजारच्यानं त्याच्या वरच्या साहेबाला, आणि तिघं नाकाला रुमाल लावून आमच्याकडं बघत बसले. शेवटी कोरगावकर साहेबांनी हात जोडून देवाधर्माचं काहीतरी समजावलं, तेव्हा कुठं सुटका झाली.

"सायेब, चिमूटभर. कपाळाला लावतो नि बाकीची ठेवतो."

"कपाळालासुद्धा नाही. गादीवर डाग पडला तर पंच कुस्तीच्या आधीच बाहेर काढतील. साबण लाव. दोन्ही हातांना."

केरबानं माझ्याकडं बघितलं. "धू लेका," म्हटलं, "माती काय पळून जात न्हाई." त्यानं मूठ पुरचुंडीत रिकामी केली, पुरचुंडी माझ्याकडं दिली आणि कोपरापर्यंत हात घासले. लाल पाणी मोरीतून वाहून गेलं. ते बघताना त्याचं तोंड उतरलं.

मी जोती. केरबाच्याच तालमीतला, पण वजनानं हलका. त्या साली आपल्या देशाचं पथक लहान होतं आणि कुस्तीला तर आम्ही तिघंच. मी, केरबा आणि रोहतककडचा बलदेव. तीन पैलवान आणि आम्हाला शिकवणारे एक कोरगावकर साहेब. दुसऱ्या देशांचे नुसते जथे आले होते, त्यांच्याबरोबर डॉक्टर, मालिशवाले, स्वयंपाकी, झालंच तर फोटो काढणारे. आमचा डॉक्टर, मालिशवाला आणि स्वयंपाकी म्हणजे मीच. कारण मला दुसरं काम उरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझी कुस्ती लागली आणि मी आस्मान बघून मोकळा झालो. परदेशातलं आस्मान तालमीत सगळ्यात आधी मी बघितलं, असं मी पुढं पोरांना फुशारकीनं सांगायचो. बलदेवचा गुडघा सुजला आणि तो खोलीत पाय वर करून पडला. राहिला केरबा. तो मात्र सुटला होता. एकेकाला उचलून आपटत तिसऱ्या नंबरच्या कुस्तीपर्यंत आला. ही मारली की पदक.

केरबाला ते पदक वस्तादांसाठी पाहिजे होतं. आमचे दौलू वस्ताद. अंगानं वडाच्या बुंध्याएवढे, आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. "डोळ्यात सुरी घालणार व्हय रं माझ्या?" म्हणून ओरडायचे. आई गेल्यावर केरबाला त्यांनीच तालमीत ठेवून घेतलं, स्वतःच्या ताटातलं खायला घातलं. निघताना केरबानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "वस्ताद, तुमाला दिसतंय तवर आणतो आनि तुमच्याच गळ्यात घालतो." वस्ताद म्हणाले, "आण. पर लवकर आण, तुजं नाक मला आताच दोन दिसाय लागल्यात." सगळे हसले. केरबा नाही हसला.

आता गादीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या मातीतल्या कुस्तीला पंचाची शिट्टी लागत नाही. पाठ टेकली की टेकली. गडी उठला की त्याच्या पाठीवरची माती चार हजार माणसांना दिसते, मग कोण कशाला नाही म्हणेल? आणि वस्तादांची एक रीत होती. दुसऱ्या तालमीत असेल नसेल, आमच्यात होती. ज्यानं मारली त्यानं लगेच उठायचं आणि खाली पडलेल्याला हात देऊन उठवायचं. उठवून त्याची पाठ आपल्या हातानं झाडायची. जो हात द्यायला विसरला त्याला वस्ताद त्या दिवशी दूध देत नसत. "पाडल्यालं पोरगं बी कुणाच्या तरी तालमीचं हाय," म्हणायचे. "मारलीस न्हवं? मग आता उचल."

स्पर्धेच्या आधी शिबिरात आम्हाला गादीवर सोडलं तेव्हा याचाच घोळ झाला. केरबानं पहिल्याच सरावात एकाला चीत केलं आणि उठून हात पुढं केला. कोरगावकर साहेब धावत आले.

"अरे उठलास का? पंचानं हात आपटला का? शिट्टी झाली का?"

"पाठ लागली की, सायेब."

"तुला लागलेली दिसली. पंचाला दिसली पाहिजे! तो सांगेपर्यंत खांदे दाबून धरायचे."

"पडल्याल्या मानसाला दाबून धरायचं? वस्ताद खेटर घालतील."

"तुझे वस्ताद तिथं पंच नाहीत, केरबा."

साहेब माणूस चांगला. आवाज कधी चढवायचे नाहीत, आम्हाला जेवायला बसवून मग आपण बसायचे. त्यांनी पुन्हा पुन्हा समजावलं आणि केरबाही शिकला. शिबिर संपेपर्यंत शिट्टी होईतो तो समोरच्याला दाबून धरायला लागला. मात्र धरताना तोंड दुसरीकडं फिरवायचा. मी थट्टा करायचो, "काय रं, नव्या नवरीगत लाजतोयस?" तर शिवी हासडायचा.

तर हात धुऊन केरबा गादीवर गेला.

समोरचा गडी डोंगराळ मुलुखातला, केरबाच्याच वयाचा. बुटका, रुंद, मान म्हणून नाहीच, खांद्यावर डोकं ठेवलेलं. निळ्या पोशाखातला. त्यानं सुरुवातीलाच केरबाचे पाय धरून त्याला खाली घेतलं आणि गुण मिळवले. केरबा सुटला, परत धरला गेला. साहेब माझ्याशेजारी बसून स्वतःची टोपी पिळत होते. "घाई करू नकोस, घाई करू नकोस," असं पुटपुटत होते, पण इतक्या हळू की मला सुद्धा धड ऐकू येईना.

मी मात्र तालमीत बोंबलतो तसा बोंबललो. "केरबा! ढाक लाव! आरं वस्ताद बघत्यात!"

वस्ताद हजारो कोस लांब होते. पण केरबानं ऐकलं. समोरचा परत पायात घुसायला आला, केरबानं त्याचा हात बगलेत दाबला, अंग फिरवलं आणि अशी ढाक बसवली म्हणता की तो निळा गडी हवेतून फिरून पाठीवर आला. धप्पकन आवाज झाला. दोन्ही खांदे टेकले. मी पुढच्याच रांगेत होतो, माझ्या या डोळ्यांनी बघितलंय. आज कुणी मला देवळात नेऊन विचारलं तरी तेच सांगीन.

पंच पलीकडच्या बाजूला होता. तो वळला, खाली वाकला, खांद्याखाली बघायला त्यानं मान तिरकी केली आणि गादीवर आपटायला हात वर उचलला.

आणि केरबा उठला.

उठला, आणि हात पुढं केला. साबणानं घासलेला, स्वच्छ हात. चेहऱ्यावर हसू. शिबिर नाही, साहेब नाहीत, परदेश नाही, त्या क्षणाला तो आमच्या तालमीत उभा होता, दुसरं काही नाही. साहेब ओरडले, "केरबा!" तेवढ्यात खालच्यानं तो हात धरला. धरला आणि ओढला. केरबा तोल जाऊन त्याच्या अंगावर गेला, तो खालून सरकला, वर आला, आणि केरबाची पाठ गादीला लागली. आता पंच अगदी जवळ होता. त्याचा हात गादीवर आपटला. शिट्टी झाली.

मी आधी हसलोच. मला वाटलं काहीतरी चुकलंय, आता परत मांडतील.

केरबाला तर काय झालं ते कळलंच नाही. पंचानं त्या दुसऱ्याचा हात वर केला तेव्हा तो पुढं गेला, त्या गड्याला खांद्याला धरून वळवलं आणि त्याची पाठ पंचाला दाखवायला लागला. "बगा की! ह्येची पाठ बगा! आधी ह्येची लागली! पाठ बगा!" आपल्या मराठीत. पंच बघतच राहिला. पाठीवर काय असणार? घाम. गादीवर माती नसते. त्या गड्याची पाठ धुतल्या ताटासारखी चकचकीत होती आणि केरबा बोटानं तिच्यावर कुठंतरी माती शोधत होता. मला ते बघवेना. मी गादीवर चढलो, त्याच्या कमरेला विळखा घालून त्याला खाली आणलं. माझ्यासारख्या किडमिड्यानं ओढला आणि तो आला, यातच काय ते समजा.

साहेबांनी तक्रार केली. तीन कोटवाले एकत्र आले, माना हलवल्या आणि गेले. कपडे बदलायच्या खोलीत साहेब केरबासमोर बाकावर बसले. मला वाटलं आता फोडून काढतात. तर ते नुसते म्हणाले, "एक दम धरायचा होता रे. एकच." आणि त्यांचे डोळे भरले.

केरबा म्हणाला, "सायेब, मी हात दिलता त्येला. उठायला दिलता."

"माहीत आहे."

"त्येनं उठायला घेतलाच न्हाई."

आता त्या गड्याला तरी कशाला नावं ठेवा? शिट्टी झाली नव्हती. पडल्यापडल्या जे हाताला लागेल ते ओढायचं, हे त्याच्या वस्तादानं त्याला शिकवलं असणार. जसं आमच्यानं आम्हाला हात द्यायला शिकवलं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र तो समोर आला असता तर मी त्याला चावलो असतो.

आणि तो आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणघरात. सगळ्या देशांचे खेळाडू एकत्र खायचे, हे एवढालं दालन. साहेब, केरबा आणि मी कोपऱ्यात दूध घेऊन बसलो होतो. दूधही पातळ, पांढरं पाणी नुसतं. तर हा निळा गडी टेबलांमधून वाट काढत सरळ आमच्यापुढं येऊन उभा राहिला. साधे कपडे. गळ्यात पदक नाही, बरोबर कुणी नाही. तोंड असं झालेलं की रात्रभर झोपला नसावा. त्याच्या भाषेत तो काहीतरी बोलला. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. मग त्यानं हात पुढं केला. हातात हात मिळवायला करतात तसा आडवा नव्हे. तळवा वर करून, खालच्याला उठवायला करतात तसा. केरबानं आदल्या दिवशी केला होता, हुबेहूब तसा.

केरबा बसलेला होता. त्यानं त्या हाताकडं बघितलं. दुधाचा पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"केरबा," साहेब हळूच म्हणाले, "घे. तो मुद्दाम आलाय."

"माजं हात धुतल्यालं हाईत, सायेब. मळतील."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी? मला तर बरं वाटलं. मनात म्हटलं, शाब्बास मर्दा, असंच पाहिजे. तो गडी उभा. हात तसाच. आजूबाजूची माणसं खायची थांबून बघायला लागली. त्याचे कान लाल झाले, पण त्यानं हात मागं घेतला नाही. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी तोच हात त्यानं आपल्या छातीवर ठेवला, मान खाली घातली आणि गेला. केरबा पेल्याकडं बघत राहिला. ते दूध तो प्यायला नाही.

गावी आलो तेव्हा वेशीवर हलगी वाजवायला माणसं जमली होती. आमची तोंडं बघून हलगी आपोआप थांबली. वस्ताद तालमीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मधल्या काळात त्यांची नजर आणखी गेली होती. आवाजाच्या रोखानं मान वळवत होते.

"आला का रं माझा वाघ?"

केरबानं पाय धरले. उठेचना. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, ठेवला तो खांद्यापासून कमरेपर्यंत चाचपत नेला.

"काय झालं त्ये जोती सांगंल. तू रडू नगंस."

मी सांगितलं. ढाक सांगितली, टेकलेले खांदे सांगितले, दिलेला हात सांगितला, ओढलेला हात सांगितला. वस्ताद ऐकत होते आणि त्यांचा हात केरबाच्या पाठीवर फिरत होता.

"म्हंजी तू आदी पाडलास."

"व्हय," केरबा म्हणाला.

"आनि उठून हात दिलास."

"व्हय."

"मग हारलास कुटं? पाठीला माती तर न्हाई तुज्या." वस्ताद हसले. मग म्हणाले, "आनि त्यो गडी? फुडं कवा भेटला का न्हाई?"

मी केरबाकडं बघितलं. केरबानं मान वर केली नाही.

"भेटला हुता. आला हुता सोताहून. हात घिऊन," मीच म्हणालो.

"बग! म्हंजी चांगल्या तालमीचा हाय त्यो बी." वस्तादांचा चेहरा नुसता उजळला. "घेटलास न्हवं त्येचा हात?"

केरबा म्हणाला, "घेटला, वस्ताद."

"मग झालं तर! मेडल घाल जा चुलीत." आणि ते आत तोंड करून ओरडले, "आरं ह्यास्नी दूध आणा कुनीतरी!"

केरबा ते दूध प्यायला. वस्तादांच्या समोर बसून, एका दमात. नंतर मागच्या बाजूला जाऊन ओकला. मी त्याची पाठ चोळत होतो. पुढच्या वर्षी वस्तादांचे डोळे पुरते गेले. ते होते तोवर तालमीत येणाऱ्या प्रत्येक पोराला हीच गोष्ट सांगायचे, की आमच्या केरबानं परदेशात हात दिला आणि हारून सुद्धा हात घेतला. केरबा तिथं असला की उठून बाहेर जायचा. पोरांना वाटायचं, किती विनयशील पैलवान! वस्ताद गेले तेव्हा खांदा द्यायला तो पुढं होता, पण सगळे परतल्यावर एकटाच स्मशानात बसून राहिला. मीच जाऊन आणला.

केरबा परत आखाड्यात उतरला नाही. गावोगावचे जत्रावाले येऊन बसायचे, हा गुडघ्याची सबब सांगायचा. गुडघे त्याचे माझ्यापेक्षा धड होते.

परवा तालुक्याला कुस्त्या होत्या. गादीवरच्या. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना शाल आणि नारळ द्यायला बोलावलं होतं. आता खरंच त्याचे गुडघे गेलेत, माझे तर कधीच. पुढच्या खुर्च्यांवर बसलो. शेवटची कुस्ती चांगली झाली. लाल पोशाखाच्या पोरानं निळ्याला चीत केलं, शिट्टी होईपर्यंत व्यवस्थित दाबून धरलं, आणि शिट्टी झाल्याबरोबर उठून हात वर करून आपल्या मास्तरांकडं पळालं. कुणी खांद्यावर घेतलं, कुणी फोटो काढले. निळं पोरगं गादीवर पडून होतं. तोंडावर आडवा हात घेतलेला.

शेजारची खुर्ची वाजली म्हणून बघतो, तर केरबा उठला होता. चपला खुर्चीशी काढून ठेवल्या आणि लंगडत लंगडत गादीवर गेला. मला वाटलं आता कुणीतरी हटकणार, पण शाल पांघरलेल्या म्हाताऱ्याला कोण हटकतो? तो त्या पोरापाशी जाऊन वाकला आणि हात पुढं केला. तळवा वर करून.

पोरानं डोळ्यांवरचा हात काढला. म्हाताऱ्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मग कूस बदलली, आपलं आपणच उठलं आणि पाठ फिरवून निघून गेलं. त्याचं तरी काय चुकलं? हरलेल्या माणसाला तेव्हा कुणी नको असतं.

केरबा तिथंच उभा राहिला. वाकलेला. हात तसाच.

मी धडपडत त्याच्यापर्यंत गेलो. "आरं चल," म्हटलं, "लोक बघाय लागल्यात."

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "जोत्या, असाच उभा हुता न्हवं रं त्यो?"

कोण, ते मी विचारलं नाही. जेवणघर डोळ्यांसमोर आलं, ते लाल झालेले कान आले. त्या दिवशी मनातल्या मनात दिलेली शाबासकी आठवली.

"व्हय," म्हटलं. "असाच."

"लई येळ उभा हुता."

"लई येळ."

मी त्याचा तो हात धरला आणि म्हटलं, "चल गड्या. यष्टी चुकंल."